गरम झाली की सेल्फ लागत नाही: जुन्या ड्यून बग्गीतला हरवलेला व्होल्ट

सकाळी गॅरेजमधून काढताना किल्ली फिरवली की पहिल्या झटक्यात इंजिन सुरू. पाऊण तास पळवली, पेट्रोल भरायला थांबवली, पाच मिनिटांनी पुन्हा किल्ली फिरवली, तर काहीच नाही. कधी मागून एक बारीक ‘टक’ ऐकू येतो, कधी तेवढाही नाही. डॅशवरचा चार्जिंगचा लाल दिवा मात्र ठणठणीत पेटलेला. अर्धा तास सावलीत उभी केली की गाडी पुन्हा अशी सुरू होते, जसं काही झालंच नव्हतं.

फोक्सवॅगन बीटलच्या चासीवर बांधलेल्या जुन्या बग्ग्यांमध्ये ही तक्रार नेहमीची आहे. माझ्या बग्गीत ती दोन वर्षांत तीन वेळा ‘दुरुस्त’ झाली आणि तिन्ही वेळा परत आली. पहिल्यांदा नवी बॅटरी घातली. दुसऱ्यांदा सेल्फ, म्हणजे इंजिनला पहिला फेरा देणारी स्टार्टर मोटर, काढून त्या जागी दुकानातून आणलेला रीबिल्ट सेल्फ बसवला. तिसऱ्यांदा फक्त सोलेनॉइड, म्हणजे किल्लीच्या इशाऱ्यावर सेल्फला करंट जोडून देणारा चुंबकी स्विच, बदललं. प्रत्येक वेळी आठ-पंधरा दिवस बरं चालायचं आणि मग एखाद्या उन्हाच्या दुपारी पुन्हा तेच. चौथ्या वेळी मी सुटे भाग विकत आणणं थांबवलं आणि मीटर घेऊन गाडीखाली शिरलो. त्या चौथ्या वेळेचं सगळं इथे लिहितोय, आकड्यांसकट, कारण मला तेव्हा असं काही मराठीत वाचायला मिळालं असतं तर दोन उन्हाळे वाचले असते.

आधी गाडीबद्दल थोडं. चासी १९६७ च्या बीटलची, म्हणजे अमेरिकेत बीटल ६ व्होल्टवरून १२ व्होल्टवर गेली त्या वर्षाची. वरची फायबरची बॉडी मेयर्स मँक्स या गाजलेल्या बग्गीच्या धर्तीवर त्या काळात निघालेल्या असंख्य प्रतींपैकी एक. पहिल्या मालकाने ती १९६९ मध्ये स्वतःच्या गॅरेजात उभी केली. मी दक्षिण कॅलिफोर्नियात ऑरेंज काउंटीत राहतो, आणि या गाड्यांची गोष्ट इथेच, न्यूपोर्ट बीचला सुरू झाली. मँक्सचा जनक ब्रूस मेयर्स होड्या बांधणारा माणूस. १९६४ मध्ये त्याने होडीच्याच साहित्यातून, म्हणजे फायबरमधून, वाळूवर पळणारी गाडी घडवली. पहिल्या डझनभर गाड्यांना बीटलची चासीच नव्हती, फायबरचं अंग हाच सांगाडा. पुढे ज्या किटने नाव काढलं त्यात बीटलची चासी सव्वाचौदा इंच कापून आखूड करायची, पुन्हा वेल्ड करायची आणि वर फायबर बसवायचं, असा हिशेब होता.

हा इतिहास इथे कशाला? कारण फायबरमधून करंट जात नाही. बीटलमध्ये दिवा पत्र्याला स्क्रूने आवळला की त्याचं अर्थिंग झालं. बग्गीत प्रत्येक दिव्याची, हॉर्नची, टाकीतल्या फ्लोटची वेगळी तपकिरी वायर चासीपर्यंत न्यावी लागते. ज्याने १९६९ मध्ये हे काम मन लावून केलं असेल त्याची गाडी आज सुखात आहे. बाकीच्यांनी पुढे वाचावं.

आधी आवाज ऐका

किल्ली फिरवल्यावर नेमकं काय होतं, यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. सेल्फ जोरात फिरतोय पण इंजिन धरत नाही, तर तो आजार वेगळा. तिथे कॉइल बघा, गरम इंजिनाशेजारून जाणारी पेट्रोलची नळी बघा, या लेखाचा उपयोग नाही. सेल्फ मलूल फिरतोय, ‘घुर्र… घुर्र…’ करत, तर जाड करंटच्या रस्त्यात अडथळा आहे, म्हणजे बॅटरीची केबल, अर्थिंग किंवा सेल्फचं बुश (शाफ्टचं टोक ज्यात फिरतं ती कडी). फक्त ‘टक’ किंवा पूर्ण शांतता असेल, तर सोलेनॉइडला हुकूम देणाऱ्या बारीक वायरीकडे पहिलं बोट जातं. आणि ‘खर्रर्र’ असा दात घासल्याचा आवाज आला तर तिथेच थांबा. सेल्फ इंजिनचं जे दातेरी चाक फिरवतो ते फ्लायव्हील; ६ व्होल्टच्या जमान्यातल्या फ्लायव्हीलला १०९ दात, १२ व्होल्टच्या फ्लायव्हीलला १३०. जुना गिअरबॉक्स, नवं इंजिन आणि तिसऱ्याच गाडीचा सेल्फ अशी मोट बग्ग्यांमध्ये सर्रास बांधलेली असते, आणि ती जुळत नसेल तर दातांचा चुरा व्हायला वेळ लागत नाही.

अजून एक साधी परीक्षा. बग्गी हलकी असते, दोन माणसं सहज ढकलतात. दुसऱ्या गिअरमध्ये धक्का स्टार्ट केली आणि लगेच धरली, तर पेट्रोल आणि स्पार्क दोन्ही ठीक आहेत. माझी दर वेळी धक्क्यावर लगेच सुरू व्हायची, तरी मी त्यातून काही शिकलो नव्हतो.

मग स्क्रू ड्रायव्हरची परीक्षा. सेल्फ उजव्या बाजूला, गिअरबॉक्सच्या अंगावर असतो. सोलेनॉइडवर जाड केबलचं टोक म्हणजे ३० नंबर, तिथे बॅटरीचा करंट कायम हजर असतो. शेजारी लाल-काळ्या पट्ट्याची वायर येते तो ५० नंबर. गाडी न्यूट्रलमध्ये आहे हे गिअरचा दांडा हलवून दोनदा बघा, चाकांना दगड लावा, पेट्रोलचा वास येत नाही ना ते बघा, आणि मगच मुठीला चांगलं इन्सुलेशन असलेल्या स्क्रू ड्रायव्हरने ३० आणि ५० क्षणभर जोडा. ठिणगी उडेल, घाबरू नका. सेल्फ जोरात फिरला तर सेल्फ निर्दोष आहे, किल्लीपासून येणारा निरोप अर्ध्या वाटेत थकतोय. मलूल फिरला तर आधी अर्थिंग.

मामांचा फोन

कोल्हापूरला उद्यमनगरात माझ्या मामांचं ऑटो इलेक्ट्रिशियनचं दुकान होतं. सेल्फ आणि डायनामो रीवाइंड करण्यात त्यांची हयात गेली. शाळेच्या सुट्टीत मी तिथे आर्मेचर पॉलिश पेपरने घासत बसायचो. चौथ्यांदा बग्गी बंद पडली त्या रात्री मी त्यांना व्हिडिओ कॉल लावला आणि सगळी हकीकत सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “अर्थिंग बघितलंस काय?”

म्हटलं, “मामा, अर्थिंगची पट्टी नवी कोरी घातलीय. चासी सँडब्लास्ट करून पावडर कोटिंग केलंय, सगळं नवंच आहे.”

“पट्टी नवी आसंल रे. ती बसलीया कशावर, ते सांग की.”

मी उत्तर दिलं नाही, कारण उत्तर मला त्याच क्षणी समजलं होतं.

बीटलचं इंजिन आणि गिअरबॉक्स चासीला रबरी माउंटिंगवर टांगलेले असतात. रबर म्हणजे इन्सुलेटर. बॅटरीची निगेटिव्ह बाजू चासीला जोडलेली, सेल्फ गिअरबॉक्सला जोडलेला, आणि या दोघांमध्ये विणलेल्या तांब्याची एकच पट्टी. ती गिअरबॉक्सच्या पुढच्या टोकाशी असते, चिखलात आणि अंधारात, कुणाला न दिसणारी. सेल्फ फिरताना लागणारा सगळा करंट त्या एका पट्टीतून परत येतो. मी रीस्टोर करताना पट्टी नवी घेतली, आणि तिचं थिंबल, म्हणजे टोकाची भोकाची धातूची कडी, चासीच्या चकचकीत काळ्या पावडर कोटिंगवर बोल्टने आवळलं. पावडर कोटिंग हे उत्तम इन्सुलेशन आहे. करंट जात होता तो फक्त बोल्टच्या आट्यांमधून, जेवढा जाईल तेवढा.

दुसऱ्या दिवशी मीटर लावलं. कॉइलची १५ नंबरची वायर काढून ठेवली, म्हणजे इंजिन सुरू होणार नाही, नुसतं फिरेल. मीटर डीसी २० व्होल्टवर. लाल टोक इंजिनच्या उघड्या धातूवर, काळं टोक बॅटरीच्या निगेटिव्ह पोलवर. पोलवर म्हणजे शिशाच्या पोलवरच, त्याच्या क्लॅम्पवर नाही. क्लॅम्प आणि पोल यांच्यामध्येसुद्धा व्होल्ट हरवतो. मुलाला म्हटलं, किल्ली फिरव आणि पाच सेकंद धरून ठेव. मीटरवर १.९ आले. निगेटिव्हच्या रस्त्यात ०.२–०.३ पेक्षा जास्त दिसलं की काहीतरी बिनसलंय असं समजायचं, आणि इथे जवळपास दोन व्होल्ट नुसत्या परतीच्या वाटेवर गळत होते. मग तुकड्यातुकड्याने मोजलं. इंजिन ते गिअरबॉक्स ०.०३. गिअरबॉक्स ते पट्टीचं दूरचं थिंबल ०.०२. थिंबल ते चासी १.६. चासी ते बॅटरी ०.२५. चोर सापडला. थिंबल आणि चासी यांच्यामधला कागदाएवढा काळा थर.

आणि त्याच वेळी आणखी एक गोष्ट दिसली, जी मी आयुष्यात विसरणार नाही. सलग तीन-चार वेळा सेल्फ मारल्यावर गाडीच्या डाव्या बाजूने करपलेल्या ग्रीसचा वास यायला लागला. गिअरबॉक्सजवळ क्लच केबल ज्या वाकड्या नळीतून बाहेर येते, त्या नळीला हात लावला आणि झटकन मागे घेतला. ती चटका बसण्याइतकी गरम होती. तिच्या तोंडातून पातळ झालेलं काळं ग्रीस ओघळत होतं. पट्टीने वाट दिली नाही म्हणून सेल्फचा करंट क्लचच्या आणि अ‍ॅक्सिलरेटरच्या पोलादी केबलीतून चासीकडे परत येत होता. बग्गीची क्लच केबल वर्षात दोनदा तुटली असेल, किंवा अ‍ॅक्सिलरेटर विनाकारण जड झाला असेल, तर केबलच्या दर्जाला दोष देण्याआधी ही पट्टी बघा. माझी केबल मी पुढच्या आठवड्यात बदलली. आतलं ग्रीस डांबरासारखं कडक झालं होतं.

दुरुस्ती अर्ध्या तासाची. बॅटरीची निगेटिव्ह केबल आधी काढायची, हे कधीही विसरू नका, कारण सेल्फच्या ३० नंबरला पाना लागून तो गिअरबॉक्सला टेकला तर पाना तिथेच वेल्ड होतो. मग पट्टीखालचं कोटिंग पात्याने खरवडून रुपयाएवढी जागा लख्ख उघडी केली. थिंबलची दोन्ही अंगं घासली, मध्ये दातेरी वायसर, बोल्ट कचकून आवळला, आणि सगळं झाल्यावर बाहेरून ग्रीसचा हात फिरवला, म्हणजे उघड्या जागेला गंज धरणार नाही. ग्रीस आधी नाही, आवळल्यानंतर. बॅटरीची निगेटिव्ह केबल चासीला जिथे बसते तिथेही हेच केलं. परत मोजलं, इंजिन ते बॅटरी १.९ चे ०.१८ झाले. सेल्फचा आवाजच बदलला.

रीस्टोरेशनच्या फोटोंत सगळ्यांना आवडतो तो आरशासारखा रंग अर्थिंगच्या मुळावर येतो. गंजक्या जुन्या गाडीत दोन पत्रे निदान एकमेकांना टेकलेले तरी असतात. कोटिंगला पाठवण्याआधी अर्थिंगच्या जागांवर बोल्ट आणि वायसर लावून त्या झाकून घ्या, म्हणजे नंतर खरवडावं लागत नाही. मला हे कुणी सांगितलं नव्हतं.

तरीही परत आली

तीन आठवडे गाडी सुतासारखी सरळ होती. मग आम्ही पिझ्मो बीचच्या दक्षिणेला ओशियानोच्या वाळूत गेलो. तिथे समुद्राच्या कडेला वाळूवर गाडी चालवायला अजून परवानगी आहे. तासभर टेकड्या चढून उतरलो, चहा प्यायला थांबलो, आणि किल्ली फिरवल्यावर ‘टक’.

वाळूत धक्का स्टार्ट होत नाही. चाकं फिरण्याऐवजी रुततात. शेवटी न्यूट्रलची खात्री करून, खाली चटई टाकून, स्क्रू ड्रायव्हरने ३० आणि ५० जोडले. सेल्फ दणक्यात फिरला. म्हणजे अर्थिंग आता निर्दोष, सेल्फ निर्दोष, बॅटरी निर्दोष. उरली ती ५० नंबरची वायर.

हा भाग नीट समजून घेण्यासारखा आहे. सोलेनॉइडला आपण बारीक वायर देतो म्हणून ते थोडक्यात भागवतं असं वाटतं. तसं नाही. आतला दांडा खेचायच्या क्षणी ते ३० अ‍ॅम्पियरच्या आसपास करंट मागतं. दांडा आत गेला, मोठे कॉन्टॅक्ट जुळले, की मागणी एकदम घटते. पण तो पहिला झटका द्यायलाच हवा. आणि बीटलमध्ये हा करंट किती लांबून येतो ते बघा. बॅटरी मागे, मागच्या सीटखाली. तिथून सेल्फच्या ३० नंबरवर. तिथून वायर पुढे डॅशपर्यंत, हेडलाइटच्या स्विचवर. तिथून किल्लीच्या स्विचवर. किल्लीतून ५० नंबर होऊन पुन्हा पूर्ण गाडीची लांबी मागे. प्रत्येक टोकाला एक स्पेड, म्हणजे वायर खोचायचं चपटं टोक, प्रत्येक स्पेडवर पन्नास वर्षांचा काळेपणा.

आता गरमीचा भाग. तांबं तापलं की त्याचा रेझिस्टन्स वाढतो, दर अंशाला साधारण ०.३९ टक्के. सेल्फ बसतो एक नंबर सिलिंडरच्या एक्झॉस्टच्या शेजारी, आणि बग्गीचे उघडे हेडर पाइप त्या बाजूला चांगलेच तापतात. उभी गाडी म्हणजे वाराही नाही. सोलेनॉइडची गुंडाळी २० अंशांवरून ९० अंशांवर गेली तर रेझिस्टन्स पाव हिश्शाहून जास्त वाढतो, म्हणजे त्याच व्होल्टेजला खेच तेवढी कमी. थंड असताना काठावर पास होणारी वायर गरम असताना नापास होते. म्हणून सेल्फ बदलला की काही दिवस बरं वाटतं. नवं सोलेनॉइड थोडं कमीत भागवतं. आजार वायरीत असतो, तो तिथेच राहतो.

मोजणी गरम गाडीवरच करा. मी चाळीस मिनिटं फिरवून आणली आणि लगेच बसलो. मीटरच्या टोकाला तीन मीटर जादा वायर जोडून घेतली. एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्ह पोलवर, दुसरं सोलेनॉइडच्या ५० नंबरवर. किल्ली फिरवून धरली तेव्हा ३.९ व्होल्ट दिसले. बॅटरी त्या क्षणी ११.८ दाखवत होती. म्हणजे सोलेनॉइडच्या पदरात पडत होते ७.९. थंड असताना हाच फरक २.६ होता.

इथे ओहमची रेंज वापरू नका. चार व्होल्ट आणि तीसेक अ‍ॅम्पियर म्हणजे रेझिस्टन्स एका ओहमच्या जेमतेम आठव्या हिश्शाएवढा. साध्या मीटरच्या स्वतःच्या वायरींचाच रेझिस्टन्स तेवढा असतो. ओहमवर ही वायर मला ‘ठीक’ दिसत होती. लोड चालू असतानाच व्होल्ट मोजायचे, दुसरा मार्ग नाही.

पुन्हा तुकडे केले. बॅटरीपासून किल्लीच्या ३० पर्यंत १.१. किल्लीच्या स्विचच्या आत, ३० ते ५०, १.७. किल्लीपासून सोलेनॉइडपर्यंत १.१. म्हणजे एकच चोर नव्हता, तिघांनी वाटून घेतलं होतं. डॅशमागे हात घातला तर वायरींची एक जाड गुंडी टेपने बांधलेली सापडली. चासी सव्वाचौदा इंच आखूड झाली, पण १९६९ मध्ये वायरी कुणी आखूड केल्या नव्हत्या. जादा लांबी गुंडाळून आत कोंबली होती. त्या गुंडीत दोन ठिकाणी तारा नुसत्या पिळून जोडलेल्या. टेप सोडवल्यावर आतलं तांबं काळंठिक्कर निघालं.

किल्लीचा स्विच मला बदलायचा नव्हता. तो गाडीसोबत आलेला मूळ जर्मन स्विच, त्याची झिजलेली किल्ली पहिल्या मालकाच्या खिशात राहिलेली. मागचे पत्र्याचे कान बारीक चिमट्याने उचलून तो उघडला. आत एक पितळी चकती, आणि ती जिथे ५० नंबरला टेकते तिथे ज्वारीच्या दाण्याएवढा काळा खड्डा. हजारदा उडालेल्या ठिणगीची खूण. अगदी बारीक पॉलिश पेपर लाकडी पट्टीला गुंडाळून तो भाग सपाट केला, स्पिरिटने पुसला, पातळसा ग्रीसचा थर दिला आणि कान पुन्हा दाबून बसवले. किल्लीपासून सेल्फपर्यंत नवी वायर टाकली, ४ चौरस मिलिमीटरची, रंग तोच लाल-काळा, लांबी मोजून. बॅटरीकडून किल्लीकडे येणारी लाल वायर ६ ची, आणि ती हेडलाइटच्या स्विचवर न थांबता थेट किल्लीवर. सगळे स्पेड नवे, चांगल्या क्रिम्पिंग चिमट्याने दाबलेले. गरम गाडीवर परत मोजलं तर ३.९ चे ०.९ झाले होते. आता सोलेनॉइडला ११ च्या आसपास मिळतात, आणि ते ‘टक’ नाही, ‘ठक’ वाजतं.

बुश, जे कुणाला आठवत नाही

सेल्फ बाहेर काढलाच होता म्हणून गिअरबॉक्सच्या भोकात बोट घालून बघितलं. बीटलच्या साध्या सेल्फच्या शाफ्टचं पुढचं टोक सेल्फमध्ये नाही, गिअरबॉक्सच्या घंटीत (इंजिनाकडच्या घंटीसारख्या आवरणात) बसवलेल्या छोट्या ब्राँझच्या बुशमध्ये फिरतं. म्हणून नवा सेल्फ आणला तरी बुश जुनंच राहतं. ते लंबगोल झिजलं की शाफ्ट डगमगतो, आर्मेचर चुंबकाच्या पॅडला घासतं, आणि गरम झाल्यावर जास्तच घासतं. शिवाय ६ व्होल्टच्या सेल्फचा शाफ्ट साडेबारा मिलिमीटरचा जाड, १२ व्होल्टचा त्याहून बारीक, ११ च्या किंचित आत. जुन्या गिअरबॉक्सला १२ व्होल्टचा सेल्फ लावताना बुश बदललं नसेल तर शाफ्ट त्यात खुळखुळतो.

माझं बुश योग्य मापाचं पण झिजलेलं निघालं. ते ओढून काढायला त्यात आटे पाडायचा टॅप फिरवायचा आणि टॅपला धरून बाहेर खेचायचं. नवं बुश रात्रभर इंजिन ऑइलमध्ये भिजत ठेवलं, ब्राँझच्या बारीक छिद्रांत तेल मुरायला हवं. सरळ ठोकण्यासाठी जुन्या सेल्फचा शाफ्ट मार्गदर्शक म्हणून उपयोगी पडतो. सेल्फचा वरचा बोल्ट हाच इंजिनचाही एक बोल्ट असतो, हे लक्षात ठेवून तो परत पुरेसा आवळा. ज्यांना बुशची कटकटच नको त्यांच्यासाठी त्याच काळातला मार्ग आहे. फोक्सवॅगनने १९६८ मध्ये ऑटोस्टिक ही अर्धी-ऑटोमॅटिक गिअरची पद्धत आणली, तिच्या सेल्फला स्वतःचा आधार असतो, बुश लागत नाही, आणि तो साध्या गिअरबॉक्सलाही बसतो. साठच्या दशकातल्या बग्गीवर तो अजिबात उपरा दिसत नाही.

रिले, नवा सेल्फ आणि काळाशी इमान

या तक्रारीवर तुम्हाला दोन झटपट उपाय सुचवले जातील. पहिला रिले. सेल्फच्या ३० पासून फ्यूजमधून रिले, रिलेतून थेट ५०. किल्लीने फक्त रिलेला इशारा द्यायचा, त्याला पाव अ‍ॅम्पियरही पुष्कळ होतो. हा उपाय खरा आहे, फसवा नाही. मूळ स्विच दुर्मिळ असेल तर मी स्वतः रिले लावेन, त्याने स्विचचे कॉन्टॅक्ट वाचतात, आणि मागच्या सीटखाली बॅटरीशेजारी तो कुणाला दिसतही नाही. पण अर्थिंग मोजल्याशिवाय रिले लावू नका. सेल्फ फिरायला लागेल, तुम्ही निश्चिंत व्हाल, आणि क्लच केबल आत भाजत राहील.

दुसरा उपाय आजचा गिअर-रिडक्शन सेल्फ. छोटा, ताकदवान, करंट कमी खाणारा. रोज कामावर न्यायच्या गाडीला मी तो नक्की लावेन. पण १९६९ ची बग्गी १९६९ सारखी ठेवायची ठरवली असेल, तर उघड्या इंजिनाशेजारी तो लांबूनच ओळखू येतो. बग्गीला झाकायला बॉनेट नसतं.

माझ्या मते काळाशी इमान राखायचं ते घाट, जात आणि मापात. स्विच त्या काळचा, सेल्फ त्या काळचा, वायरीचे रंग त्या काळचे. तांबं, थिंबल, बुश आणि पट्टी मात्र नवीच हवी. १९६९ मध्ये ज्याने ही गाडी बांधली त्यानेही ती नवीच घातली होती. आणि एक कळकळीची विनंती, दुकानात जुना सेल्फ जमा करून त्या बदल्यात रीबिल्ट आणायचा असेल तर आपला मूळ सेल्फ आधी तपासा. मी माझा घाईत देऊन बसलो. तो पूर्ण धडधाकट होता, त्यावर गाडीच्याच काळातली तारीख ठोकलेली होती, आणि त्या तारखेचा दुसरा शोधायला मला पुढे अकरा महिने लागले.

आता चौदा महिने झाले. मामांनी सांगितल्याप्रमाणे सगळे आकडे मी एका पुठ्ठ्यावर लिहून सीटखाली चिकटवलेत, दर सहा महिन्यांनी मोजून शेजारी नवा आकडा लिहितो. गेल्या वेळी इंजिन ते बॅटरी ०.१८ चे ०.३१ झालेले दिसले. वाकून बघितलं तर पट्टीच्या विणीत हिरवी भुकटी धरली होती, ओशियानोच्या खाऱ्या वाऱ्याची. पट्टी काढून पुसली, नवी टाकली, परत ०.१७. समुद्रावर जाणाऱ्यांनी ही पट्टी दोन घेऊन ठेवाव्यात, एक गाडीत आणि एक डब्यात.